फुटाण्याची शेपटी आणि पोत्यातला गुन्हेगार

"धर घट्ट! तोंड आवळ पोत्याचं! नखं लागतील!"

राजेशकाका ओरडत होता, आणि भाताच्या रिकाम्या पोत्यात मनी मांजर अशी फिस्कारत होती, की अंगणातल्या कोंबड्या परड्यात पळाल्या.

"काका, सोडा तिला!" श्रुतिका पोत्याला लोंबकळली. "तिनं काही केलेलं नाहीये!"

"नाय केलं? मग त्या उंदराची शेपूट कुणी सोलली? मी?"

"उंदीर नाही तो! जर्बिल आहे!"

"जरबिल असो नायतर वीजबिल! रक्त आलं, मांजर घरात हाय, झाला निकाल! तेवढं भात आत घेतो नि हिला आंबेनळी घाटात सोडून येतो. खळ्यावरून म्हातारी यायच्या आत!"

काकानं सुतळीची गाठ मारली, पोतं ओट्यावर आपटलं आणि गेला वाळत घातलेलं भात भरायला. मोठ्या माणसांचं एक बरं असतं. गुन्हेगार आधी ठरवायचा आणि पुरावा सवडीनं शोधायचा! आणि सवड तर त्यांना कधीच नसते.

श्रुतिकाचे कान रागानं तापले होते. दिवाळीच्या सुट्टीला मुंबईहून गावाला, कापड्याला येताना तिनं चणा आणि फुटाणा हे आपले दोन जर्बिल, उंदरासारखेच पण शेपटीला गोंडा असलेले, मांडीवर जपून आणले होते. काचेची पेटी, वर जाळीचं झाकण. काल काकानं महाडच्या बाजारातून त्यांना पळायला तारांचं चकचकीत चाक आणलं, आणि गावभर सांगून झालं, "पुतणीच्या उंदरांना जिम आणली!" आज सकाळी बघतात तर फुटाण्याच्या शेपटीच्या टोकाचा गोंडा गेलेला! लालबुंद मांस दिसत होतं.

"साहिल, तुझ्या बाबांना सांग ना तू!"

साहिल काकाचा मुलगा. काका मुंबईला कामाला, साहिल इथं आजी-आजोबांकडे. मनी त्याच्याच पायाशी झोपायची.

"सांगितलं तर म्हणतील, तूपण बस पोत्यात," साहिल दात खाऊन म्हणाला. "बापूस वर्सातून दोनदा येणार नि येतानाच निकाल घेऊन येणार! चल गो, पेटी बघू. झाकण तर लावलेलंच होतं. मनीचा पंजा ह्या जाळीतून जाईल का?"

श्रुतिकानं करंगळी घालून पाहिली. नखाच्या पुढे जाईना.

"करंगळी जात नाही, तर पंजा कुठून जाणार!"

एवढ्यात चणा टुणकन चाकात चढला. चाक गरागरा फिरू लागलं. तेवढ्या लहान चाकात बिचाऱ्याची पाठ धनुष्यासारखी वाकली होती, आणि लांब शेपूट मागे तारांवर आपटत होती. आपटता आपटता ती दोन तारांच्या मधून बाहेर गेली, चाक आणि दांडीच्या फटीत...

"चीं!"

"थांबव!" श्रुतिका किंचाळली. साहिलनं झाकण उडवलं आणि थेट बोटच चाकात घातलं. चाक खाडकन थांबलं. चणा सुटला, शेपूट शाबूत! साहिलच्या बोटाचं सालटं मात्र निघालं.

"आयला!" साहिल बोट चोखत म्हणाला. "मनी तर पोत्यात हाय!"

"आणि हे बघ!" श्रुतिकानं चाक उचललं. दांडीच्या फटीत तपकिरी केसांचा पुंजका चिकटला होता. फुटाण्याचा गोंडा! तिनं चाकाचं खोकं ओढलं. त्यावर एक गुबगुबीत प्राणी हसत पळत होता.

"साहिल, ह्याची शेपूट कुठाय?"

"नायच की!"

"कारण हा हॅम्स्टर आहे! शेपूट नसल्यासारखीच! आणि हे चाक त्याच्याही पायांना धड नाही, जर्बिलला तर फासच! विकणाऱ्यानं बघितलं नाही, घेणाऱ्यानं बघितलं नाही, आणि घाटात कोण जाणार? मनी!"

तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. साहिल मात्र पोत्याकडे बघत होता. बघता बघता त्याच्या ओठांवर हसू फुटलं.

"गो, गाठ सोड. बाबांचा गुन्हेगार त्यांना देऊनच टाकू!"

काका घाम पुसत आला तेव्हा पोतं गाठ मारून जिथल्या तिथे होतं. दोघं शहाण्यासारखी बाजूला उभी.

"काका," श्रुतिका गोड आवाजात म्हणाली, "ज्यानं शेपूट सोलली तोच आहे ना ह्यात? नक्की?"

"नक्की म्हंजे? हज्जार टक्के!"

"मग आम्ही नाही अडवत. जा घेऊन."

काकानं ऐटीत पोतं उचललं. खण्ण!

"ही मांजर वाजते कशी?"

"कुठली मांजर वाजते रे?" मागून आवाज आला. डोक्यावर पेंढ्याचा भारा, हातात विळा, प्रयागबाई आजी अंगणात उभी! "माझ्या मनीला पोत्यात घातलीस? मी खळ्यावर कंबर मोडत्ये नि तू घरात मर्दुमकी गाजवतोस? सोड!"

काकानं गाठ सोडली. पोत्यातून चाक घरंगळत त्याच्याच पायाशी आलं. आणि कणगीमागून मनी अंग झाडत बाहेर आली.

श्रुतिकानं सगळं भडाभडा सांगितलं. केसांचा पुंजका दाखवला, खोकं दाखवलं, साहिलचं बोट दाखवलं.

"हॅ! एवढ्याशा चाकानं काय होतंय?" काका अजून ताठच.

"मग घाला बोट!" श्रुतिकानं चाक त्याच्यापुढे धरून गरकन फिरवलं. "घाला ना!"

काकानं हात पुढे केला. तारा लकलकल्या. हात हळूच खिशात गेला.

"तुमच्या बोटाला भीती वाटते," श्रुतिका म्हणाली, "आणि त्यांना दिवसभर पळवायचं?"

आजी बोलली.

"आपल्याला उंदीर नको तर आपण सापळा लावतो, राजेश. पण तो उघड लावतो. त्याला खेळणं म्हणून आणून देत नाय!" तिनं भारा खाली टाकला. "गाडीची चावी घेतलीच हायस ना? मग काढ गाडी. त्या उंदराला घे पोरीसंगं नि जा पोलादपूरला, गुरांच्या डॉक्टरकडं."

डॉक्टरांनी फुटाण्याची जखम धुतली, औषध लावलं. गेलेला गोंडा परत यायचा नाही, पण जिवाला धोका नाही, म्हणाले. परतताना काका एवढंच पुटपुटला, "मग चाक हवं तरी कसलं गो?"

"मोठं. पाठ सरळ राहील असं. पळायची पट्टी अखंड, कुठे फट नाही, तारा नाहीत. आणि प्लॅस्टिक नको, ते कुरतडून खातात."

घरी आल्यावर हे ऐकून येसाजी आजोबांनी माळ्यावरून फाटका डफ काढला. शाहिरीतला जुना, कातडं गेलेलं, पण लाकडी कडं खणखणीत!

काकानंच मग दुपारभर खपून एका बाजूला फळी ठोकली, तिच्या मधोमध सायकलचं बेअरिंग बसवलं आणि मागून पेटीत उभारलेल्या खुंट्याला जोडलं. पुढची बाजू मोकळी, दांडी नाही की फट नाही! फिरवायच्या आधी आजी म्हणाली, "पयलं तुझं बोट!"

काकानं निमूट बोट घातलं. डफ फिरला. बोट शाबूत.

मग चणा चढला. लाकडावर इवले पाय टपटपू लागले, पाठ सरळ, शेपूट मागे ऐटीत उडत होती.

"बारा वर्सं मुका होता," आजोबा हसले. "आज वाजला!"

आजीनं दोन्ही पोरांना जवळ ओढलं. "ह्या घरात डोळे उघडे ठेवून बघणारं कोणीतरी निपजलं म्हणायचं!" मग रिकामं पोतं तिनं काकाच्या खांद्यावर टाकलं. "जा, भात भर. नि पुढच्या टायमाला कुणाला ह्यात घालायच्या आधी खोक्यावरचं चित्र बघ!"

मनी त्याच पोत्यावर उडी मारून बसली. काकाला भात भरायला दुसरं पोतं शोधावं लागलं.