वासुदेवरावांनी बुजवलेली बिळं

"ताई, मी सर्पमित्र. साप वाचवतो. न् देवळीत लोक म्हणून राह्यले, मीच देवका काकूच्या घरात नाग सोडला. उद्या ठाण्यात बोलावलं हाय मले."

फोनवर रूपेशचा आवाज फाटला. खाजगी तपास करणाऱ्या वर्षालीनं अण्णाजींना गाडी काढायला सांगितलं. निवृत्त तलाठी असलेले अण्णाजी तिचे जोडीदार. मोजमापाला पक्के, तर्काला जरा जड.

देवळीत देवकाबाईंच्या नवऱ्यानं, वासुदेवरावांनी, रूपेशकडे पाठ फिरवून घर दाखवलं. खोलीत कापूस छताला टेकला होता. मंगळवारी दुपारी देवकाबाईंनी वातींसाठी त्यात हात घातला. नाग चावला आणि उघड्या दारातून निसटला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"सरकीपायी उंदीर येत. देवका लय भेत होती उंदराले. म्हणून रविवारी काच कुटून सिमेंटात कालवली न् एकूणएक भोक बुजवलं. मोरीले जाळी, दाराखाली रबर. मंग साप आला कुठून? मंगळवारी सकाळी हाच थैली घेऊन दारात उभा होता. शेताच्या धुऱ्याचं, बांधाचं भांडण हाय आमचं."

"काकूनं फोन करून बोलावलं," रूपेश म्हणाला. "काऊन बोलावलं, ते सांगितलं नाई. तुम्ही दारातूनच हाकललं."

"रविवारी उंदीर होते का?" वर्षालीनं विचारलं.

"चार दिवसांपासून गप्पच होते. पण मी काम अर्धवट सोडत नाई."

रूपेशनं जपून कापूस बाजूला सारला. मागे, भिंतीच्या तळाशी, बुजवलेल्या भोकावर दोन बोटं रुंद पट्टा उमटला होता. त्यावर बारीक आडव्या रेघा.

"थापीची खूण," अण्णाजी म्हणाले.

"थापी कुठची? हातानं लिंपलं मी."

वर्षाली सावकाश उठली. "काकाजी, बसा. ही नागाच्या पोटाची खूण आहे. उंदरांमागे तो आधीच कापसात शिरला होता, म्हणून उंदीर गप्प झाले. वाट बुजल्यावर बाहेर पडायला तो ओल्या सिमेंटवरून सरपटला. सिमेंट ओलं होतं रविवारी. रूपेश आला मंगळवारी, तोवर ते दगड झालं होतं. बुजवण्याआधी तुम्ही कापूस हलवून पाहिला नाही."

"हलवला का माती लागते कापसाले..." वासुदेवराव पुटपुटले.

थापीचं आपण उगाच बोललो, असं अण्णाजींना वाटलं.

"सोमवारी देवका म्हणे, कापसात सळसळ होते. मी हासलो. म्हटलं, आता मुंगीबी शिरत नाई, खुशाल हात घाल."

वासुदेवरावांनी पहिल्यांदाच रूपेशकडे पाहिलं.

"तुले आत येऊ देल्लं असतं तं?"

रूपेश खाली बसला आणि त्यानं म्हाताऱ्याचा हात धरला.