कोणीतरी उतरायला हवं

पी.टी.च्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेने त्यांना शाल दिली. बाईंनी ती तिथल्या तिथे भावजयीच्या खांद्यावर टाकली आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन पाठीवरची भलीमोठी सॅक घेऊन आल्या.

"ताई, या वयात? एकटी? आणि त्या खटारा बसमधून?" धाकटा भाऊ म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणायला काहीतरी लागतंच. तेवढं पुण्य माझ्या पदरी पडू दे."

"निदान गाडी तरी करा," भावजय म्हणाली.

"गाडी केली की देश गाडीवाला बघतो, आणि आपण त्याची मान बघतो."

तर बाई निघाल्या. सकाळी स्टँडवर जी बस आधी लागेल ती आपली, एवढाच त्यांचा बेत असायचा. रात्री मिळेल त्या लॉजवर अंग टाकायचं, कपडे धुऊन पंख्याखाली टांगायचे आणि सकाळी अर्धे ओलेच चढवायचे. फिरत फिरत त्या ज्या मुलखात पोचल्या, तिथे हवाच ओली होती. टॉवेल वाळत नसे, बुटांना बुरशी धरे, आगपेटीतल्या काड्या नुसत्याच घासल्या जात. बाईंना सगळं मान्य होतं. आयुष्यभर शिट्टी फुंकून दुसऱ्यांना पळवलं होतं, आता आपली पाळी.

त्या दुपारची बस डोंगर ओलांडून समुद्राकडे उतरणारी होती. खिडक्यांना काचांऐवजी ताडपत्रीचे पडदे, सीटच्या रेक्झिनमधून डोकावणारा काथ्या. बाईंच्या शेजारी एक पोटुशी बसली होती, दिवस भरत आलेली. पुढच्या सीटवर तिची सासू. मागे बाजारातून परतणारी माणसं, टोपल्या, पोती आणि मोठमोठ्या गप्पा.

"एकट्याच?" पोटुशीने विचारलं.

"नाही, दोन गुडघे आहेत सोबत. तेच कुरकुर करतात."

पोटुशी हसली. सासूही मागे वळून हसली. चढ संपला, रस्ता रबराच्या झाडांत शिरला. सरळ रांगांमधली झाडं, खोडाखोडाला बांधलेल्या वाट्या, आणि मधे हिरवट काळोख. दुपार असून संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं.

गप्पा कधी थांबल्या ते बाईंच्या लक्षात आलं नाही. मागे कोणाच्या तरी मोबाईलवर गाणं वाजत होतं, ते अर्ध्यावर बंद झालं. मग एकेकाने आपल्या खिडकीचा पडदा खाली ओढला. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. कोणी कोणाला काही सांगितलंही नाही.

पुढे एक बुटका पूल होता, खाली संथ तपकिरी पाणी. पुलाच्या मधोमध बसचं इंजिन आचका न देता शांत झालं. ड्रायव्हरने स्टिअरिंगवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले.

रातकिडे थांबले होते.

"काय झालं हो?" बाईंनी कंडक्टरला विचारलं.

"काही नाही. कोणीतरी उतरेल, मग निघू."

"इथे? इथे आहे काय?"

"काही नाही."

"मग उतरेल कोण?"

कंडक्टर स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला.

बाईंनी पडदा वर केला. घर नाही, पायवाट नाही. पुलाच्या कठड्यावर मात्र चपला ओळीने ठेवलेल्या होत्या. काहींवर शेवाळ चढलं होतं, काहींच्या टाचांत रोपटी उगवली होती, काही अगदी कालपरवाच्या. सगळ्यांची टोकं झाडांकडे.

बाईंनी पडदा सोडला आणि आत बघितलं. सगळी बस त्यांच्याकडे बघत होती. रागाने नाही. जेवायला बसलेल्यांनी वाढणाऱ्याकडे बघावं तशी.

"बाई," कंडक्टर हळूच म्हणाला, "तुम्ही पाहुण्या. तुमच्या मागेपुढे कोणी दिसत नाही..."

"मागे सॅक आहे, पुढे अख्खा रस्ता आहे. मी नाही उतरणार."

कोणी वाद घातला नाही. बस तशीच उभी राहिली. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. निवणाऱ्या इंजिनाचा पत्रा कटकट वाजायला हवा होता, तोही वाजत नव्हता. बऱ्याच वेळाने पुढच्या सीटवरच्या सासूने पिशवी सुनेच्या हातात दिली आणि दांड्याला धरून उठू लागली.

"माझं बघून झालंय सगळं," ती म्हणाली.

सुनेने तिचा पदर घट्ट धरला. मग बाईंकडे न बघता ती बोलली. "गेल्या पावसाळ्यात माझी थोरली उतरली. माझ्या मांडीवर झोपली होती हो. डोळे मिटलेलेच होते तिचे, आणि चालत पायरीपर्यंत गेली."

"आणि तुम्ही सगळे बघत बसलात?"

"बस सुरू झाली होती, बाई," मागून कोणीतरी म्हणालं.

बाईंना आधी भीती वाटली. अगदी खरीखुरी. मग त्या भीतीच्या मागोमाग राग आला, आणि रागाची त्यांना जुनी सवय होती. त्या उठल्या. डोकं वरच्या फळीवर आपटलं, तरी त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"खाली बसा, आजी," मैदानावरच्या आवाजात त्या गरजल्या. "कोणीतरी उतरायला हवं ना? मग सगळे उतरा. एकूण एक. ड्रायव्हरसकट."

"असं कोणी कधी केलं नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"म्हणूनच गाडी बंद पडते तुमची. जोड्या करा! जोडीदाराचा हात सोडायचा नाही. एक हात जोडीदाराला, एक बसला. ढकलायची आहे."

पहिल्यांदा कोणीच हललं नाही. मग सासू कंडक्टरचा हात धरून उतरली, आणि तिच्या मागून बाकीचे. बाईंनी पोटुशीचा हात धरला. "तू ढकलू नकोस. फक्त माझ्याबरोबर चाल."

ड्रायव्हर बाहेरूनच, खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरून होता. सगळ्यांनी जोर लावला.

बस हलेना. रिकामी बस, उतार समोर, तरी आतल्या सगळ्या सीटा भरलेल्या असाव्यात इतकी जड.

"जोर लगाके!" बाई ओरडल्या.

"हैय्या!" सगळे ओरडले.

आणि झाडांतून, जरासं उशिरा, पुन्हा "हैय्या" आलं.

प्रतिध्वनी नव्हता तो. त्यात जास्त आवाज होते. एखाददुसरा बारीक होता.

हात सुटू लागले. "मागे बघायचं नाही!" बाई म्हणाल्या. "मागच्यांनाही म्हणू दे. जोर लगाके!"

"हैय्या!"

या वेळी सगळं एकदमच आलं, पुढचं आणि मागचं.

बस एकाएकी हलकी झाली. कितीतरी नवे तळवे पत्र्याला टेकावेत तशी ती पुढे सरकली, पूल संपला, ड्रायव्हर उडी मारून आत चढला आणि इंजिन धडधडलं.

सगळे चढले. जोडीदाराने जोडीदाराला वर ओढलं. कोणी राहिलं नव्हतं. कंडक्टर खांबाला मिठी मारून हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुढची छोटी चढण मात्र बस पहिल्या गिअरमध्ये, धापा टाकत चढली.

समुद्राकाठच्या स्टँडवर पोचले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. एकेक जण उतरू लागला. माणूस पायरीवर आला की पायरी दबायची, करकरायची, आणि तो जमिनीवर गेला की वर यायची. सासू उतरली, पोटुशी उतरली, शेवटी सॅक सावरत बाई उतरल्या.

"उद्या परत तोच रस्ता आहे बाई," ड्रायव्हर म्हणाला. "काय करू?"

"आज केलं तेच. उद्याही, परवाही. बघू कोण आधी थकतं ते."

तो हसला आणि दार लावायला वळला. तेवढ्यात रिकाम्या बसची पायरी दबली, करकरली आणि वर आली. मग पुन्हा दबली. मग पुन्हा.

ड्रायव्हरने दारावरचा हात काढून घेतला. बाई बाजूला सरकल्या आणि त्यांनी वाट दिली.

लांबवर सासू पुढे निघाली होती. तिच्यामागून भरभर जाणारी पोटुशी अचानक हळू झाली. मागे न बघता तिने हात मागे केला, बोटं कशावर तरी अलगद मिटली, आणि ती लहान लहान पावलं टाकत चालू लागली.