कापलेले श्वास

हसायचं तर हसा. पण यात पदरचं मी काहीच घातलेलं नाही. उलट दोन गोष्टी लाजेपोटी आजवर बायकोलाही सांगितल्या नव्हत्या.

१९८८ चा एप्रिल. सोनपेठ.

मी शिवरुद्र. घरातल्या पुढच्या खोलीत लोकांची भजनं, पाळणे टेप करून कॅसेटी भरून द्यायचो. हैदराबादहून आणलेलं जुनं स्पूलचं, म्हणजे मोठ्या उघड्या रिळांच्या टेपचं मशीन होतं. माझा कान तिखट, आणि त्याचा मला माज होता.

गल्लीतल्या कडूबाईची लेक गीता बाळंतपणाला माहेरी आली होती. बारशानंतर तिनं माझ्याकडे पाळणा गायला. आवाज गोड, पण वर जाताना सूर सुटायचा. त्यात तिला दमा. प्रत्येक ओळीआधी ती घरघरत श्वास ओढायची.

महिन्याभरात काविळीनं गेली.

तेरावं उरकून कडूबाई आली.

"आप्पा, लेकरू झोपतच न्हाई. गीताचा पाळणा कॅसेटीत भरून द्या. जसा हाय तसाच द्या."

मी हो म्हणालो.

आणि तसा दिला नाही.

ब्लेडनं स्पूलवरचे तिचे श्वास एकेक करून कापले. अकरा तुकडे. ते चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात टाकून डबा फळीवर ठेवला. मग मोटरचा स्क्रू पिळून, जिथं सूर पडला होता तिथं टेप जरा जोरात पळवली आणि कॅसेट भरली. गाणं एकदम सुरात आलं. मेलेल्या पोरीवर उपकार केले असं मला वाटलं. आज त्याची किळस येते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला कडूबाई परत आली. कडेवर लेकरू. रडून रडून त्याचा घसा बसलेला.

"ही माझी लेक न्हाई, आप्पा. हे लावलं की लेकरू ताठ व्हायलंय. तिचा दम कुठं गेला?"

आता ऐकायला किती स्वच्छ वाटतं, ते मी तिला समजावू लागलो.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला.

आणि फळीवरच्या डब्यातून...

श्वास आला.

घरघरत. ओढून घेतलेला.

मग काहीच नाही...

मग दुसरा.

लेकरू गप्प झालं. मान वळवून फळीकडे पाहू लागलं.

मी डबा काढला. झाकण उघडलं तर नासलेल्या दुधाचा वास आला. तुकडे ओले होते. बोटांना चिकटत होते, लाळेसारखी तार सुटत होती. मी तिथंच ओटीवर ओकलो. ही पहिली लाजेची गोष्ट.

कडूबाईनं सरळ डब्यात हात घातला.

"हीच हाय," ती म्हणाली. "गाणं ऱ्हाऊ द्या. येवढंच भरून द्या."

लाईट येईपर्यंत ती जागची हलली नाही. मी तोंडाला फडकं बांधून अकरा तुकडे जोडले आणि नवी कॅसेट भरली. घड्याळ लावून पाहिलं, सगळे मिळून पंधरा सेकंद. बाकी कॅसेट कोरी.

आठ दिवसांनी, अशाच दुपारी, मी तिच्या घरी गेलो. लेकरू पाळण्यात झोपलेलं. शेजारी टेप चालू होता.

श्वास येत होते. एकामागून एक...

मी दहा मिनिटं उभा राहिलो. ते संपेनात.

"मावशी, सारखी मागं फिरवून लावता का?"

"न्हाई. एकदाच लावते. लेकरू उठलं की आपोआप थांबतंय."

माझा विश्वास बसेना. नीट ऐकायला मी स्पीकरला कान लावला. ही दुसरी गोष्ट.

कानात काहीतरी कोमट, ओलं आलं...

आणि श्वास थांबला. परका माणूस अंगाशी आला की बाई श्वास धरते, तसा.

लेकरू दचकून उठलं. किंचाळू लागलं.

"तुमी लांब व्हा, आप्पा," कडूबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "तिला तुमी नको."

मी उंबऱ्याबाहेर आलो. मागं लेकरू शांत झालं.

श्वास पुन्हा सुरू झाले.

मशीन मी विकलं. त्या घरी पुन्हा गेलो नाही. तो कान मात्र अजून दिवसातून चार वेळा साबणानं धुतो. आंबट वास जात नाही.