मातीचं गार घर

वाईच सरकून बसा रं. शामू, कंगराळीकडं घर बघायला जातोय म्हणालास नव्हं? तर मग हे ऐकून जा.

भावकू माझ्या मावशीचा ल्योक. खोटं बोलणारा माणूस न्हवं. निपाणीच्या पोस्टात हुता. त्येच्या घराच्या दोन्ही अंगाला तंबाखूच्या वखारी. हंगामात असा धुरळा उडायचा, भाकरीलासुदीक तंबाखूचा वास. त्येची बायको अक्काताई. तिच्या छातीनं त्यो धुरळा धरला. रातभर खोकायची. डॉक्टर म्हणाला, "औषध देतो, पर हवा बदला. न्हायतर बाई हातची जाईल." भावकूनं साहेबाच्या हातापाया पडून बेळगावला बदली करून घेतली.

मग घर हुडकायची पायपीट. मीबी संगं हुतो. शहापुरात बघितलं. शेजार चांगला, देऊळ जवळ, पर भिताडाला लागून माग, आन् हवेत सुताचा भुसा. भावकू म्हणाला, "एका धुळीतनं उठून दुसरीत कशाला जायाचं?" नव्या वस्तीत शिमीटची घरं बघितली. वर स्लॅब. दुपारचं आत पाय ठेवला तर भट्टी.

शेवटाला बेळगावाबाहेर, कंगराळीच्या कडंला, रानात, देवाप्पाचं घर मिळालं. मातीचं. हातभर रुंद भिताडं, त्याच जागंतली पांढरी माती काढून घातलेली. वर कौलं, खाली शेणानं सारवलेली जमीन, परसात आड आन् करंज. भर उन्हातनं आत शिरलो आन् अंगावर गारवा आला. अक्काताईनं भिताडाला गाल लावला. म्हणाली, "अहो, हितं श्वास पुरतोय मला." झालं! एवढी एकच खोट, माजघराला खिडकी नव्हती. कौलात काचेचा एक तुकडा, तेवढाच उजेड.

मी देवाप्पाला विचारलं, "असलं घर मोकळं का पडलंय?"

"आता पोरांना शिमीट पायजे की," म्हणाला. आन् तंबाखूत चुना मळत बसला.

साल एकोणऐंशी. चैताची आवस, बेस्तरवार. त्या दिवशी सामान टाकलं आन् रातीला दोघंच माजघरात निजली. लाईट नव्हती. कंदील बारीक करून भावकू आडवा झाला.

अक्काताई पडल्या पडल्या झोपली. भिताडाकडं तोंड करून, गाढ. एकदाबी खोकली न्हाय. भावकूला रडू आलं, त्येनंच सांगितलं मला.

तवर खोकला ऐकू आला.

त्यो उठून बसला. अक्काताई तशीच. शांत.

परत खोकला. बाईचा. कोरडा, आतनं वडून काढलेला. भिताडातनं.

"शेजारचं कोण असंल," त्यो सोताशीच म्हणाला. पर शेजार कुठला? चारी अंगाला रान.

मग दुसरा खोकला. बारीक... लेकराचा.

कंदील विझला. वाऱ्यानं न्हवं. वारा नव्हताच.

"अगं... ए... ऊठ."

हलवली. उठंना. अंग ऊबदार, श्वास चाललेला. पर उठंना.

त्यो दाराकडं गेला. हात लावला. भिताड. डावीकडं सरकला. भिताड. कोपरा. परत भिताड. परत कोपरा... दार न्हाय.

वर बघितलं. मघाशी काचेतनं चांदण्या दिसत हुत्या. आता नुसतं काळं.

आन् हाताला माती वली लागली. आत्ताच घातल्यावानी.

हाका मारल्या त्येनं. देवाप्पाला. मला. देवाला. आवाज तोंडातनं निघायचा आन् भिताडात मुरायचा. छाती भरंना... वारा पुरंना... आन् मग त्येच्या ध्यानात आलं, आता खोकतोय त्यो सोता.

नखांनी भिताड उकरायला लागला. उकरलं... उकरलं...

पलीकडनंबी कोण तरी उकरत हुतं.

त्यो थांबला.

पलीकडचंबी थांबलं.

...

"अहो, काय करताय हे?"

अक्काताई उभी. उजाडलेलं. दार सताड उघडं, आन् भावकू दाराच्या उलट्या अंगाच्या भिताडाम्होरं गुडघ्यावर. नखं रगताळलेली. भिताडाला कोपरभर खोल भगदाड. भगदाडात माती. नुसती माती.

मी सकाळी दूध घिऊन गेलतो, तवा हे डोळ्यांनी बघितलं. देवाप्पाला बोलवून घेतलं. विचारलं, "हितं काय झालतं रं?" त्यो भगदाडाकडं बघत राहिला. मग हात पुढं केला, किल्ली घेतली आन् गेला. जाताना, जिथनं भिताडांची माती काढलेली त्या खड्ड्याला त्येनं हात जोडलं.

दुपारच्या आत सामान गाडीत. शहापुरातलंच घर घेतलं, मागाशेजारचं. अक्काताई मातूर सारखी म्हणायची, "मला तर कधी न्हाय ती झोप लागली बघा. रातभर कोण तरी पाठीवरनं हात फिरवतंय असं वाटत हुतं."

तिथनं निघताना ती गाडीत चढत हुती. भावकू मागं. त्यो एकदम थांबला आन् मला खुणावलं.

तिच्या चोळीवर, पाठीला, पांढऱ्या मातीचे दोन ठसे. एक बाईच्या हाताचा. त्येच्या खाली एक... बारका.

चोळी धुतली, दगडावर आपटली, उन्हात टाकली. ठसे गेलं न्हाईत. टाकून द्यायला अक्काताईचा जीव हुईना. ट्रंकेच्या तळाला हाय ती अजून. गेल्या दिवाळीला मी गेलतो, तवा तिनं काढून दाखवली. मी त्या बारक्या ठशावर बोट ठेवून बघितलं.

वला हुता.