धरणाच्या पिक्चरवरचं अर्धं मत

"दादा, पिक्चर कसा वाटला?" मी माइक पुढे केला.

"दादा म्हणू नका, मग सांगतो," तो म्हणाला.

आणि मी… चक्क लाजले. सहा महिने कोल्हापूरच्या चौकाचौकांत माइक घेऊन फिरत होते. खड्ड्यांपासून टोमॅटोच्या दरापर्यंत लोकांची मतं गोळा करून आमच्या चॅनेलच्या पानावर टाकायची, हीच माझी नोकरी. कुणी ओरडलं, कुणी माइकच हिसकावून घेतला, पण लाजवलं नव्हतं कुणी. शाहूपुरीतल्या जुन्या टॉकीजसमोर, सप्टेंबरच्या रिपरिपीत, दुपारचा खेळ सुटल्यावर ते पहिल्यांदा घडलं. निळा रेनकोट, त्याचं एक बटण चुकलेलं, हातात हेल्मेट, आणि पापण्यांवर पावसाचे थेंब. इतक्या लांब पापण्या मुलग्याला कशाला लागतात, असं माझ्या मनात आलं, म्हणजे बघा.

पिक्चरला पोस्टरवर मोठं हिंदी नाव होतं, पण कोल्हापुरात ते कुणी घेतलंच नाही. इथे तो 'धरणाचा पिक्चर'. इंजिनिअरची मुलगी, नावाड्याचा मुलगा, त्यांचं प्रेम, मग धरण फुटतं आणि नावाडी तिला देवळाच्या शिखराला बांधून स्वतः वाहून जातो. बावीस वर्षांपूर्वी तो आला तेव्हा पद्मजाआत्यानं पाच वेळा पाहिला होता. पाचव्या खेपेला मी तिच्या मांडीवर होते, पाच वर्षांची. मी मधेच झोपले आणि जागी झाले तेव्हा अख्खं टॉकीज मुसमुसत होतं. मला वाटलं खरंच पाणी आलं, म्हणून मी खालच्या चपला उचलून खुर्चीवर ठेवल्या. आत्या अजून ही गोष्ट सांगते, आणि दर वेळी डोळे पुसते. पुढे आठव्या वर्षी बाबांच्या बदलीमुळे कोल्हापूर सुटलं, मी नाशिकला वाढले, आणि नोकरीच्या निमित्तानं परत आत्याकडे राहायला आले. त्याच वर्षी तो पिक्चर पुन्हा लागला.

त्या दिवशी मतं भारी मिळाली होती. पन्नाशीतले एक काका म्हणाले, "आमचं ठरत होतं, तवा हिनं अट घातलेली. आधी धरणाचा पिक्चर दावा, मग सांगते." मी काकूंकडे माइक नेला. त्या म्हणाल्या, "पिक्चर आवडला म्हणून हो म्हटलं. माणसाचं काय एवढं नव्हतं." काका इतके हसले की त्यांना छत्री धरता येईना. काकूंनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि दोघांच्या डोक्यावर धरून त्या रिक्षाकडे चालू लागल्या.

आणि मग हा.

"बरं, दादा नाही. नाव?"

"ऋतुराज. गडमुडशिंगी. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला हाय, क्वालिटीत."

"क्वालिटीत? मग सांगा, पिक्चरची क्वालिटी कशी आहे?"

तो हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "धरण फुटलं, अख्खं गाव वाहून गेलं, आन् एक म्हस दावली न्हाय! गावात म्हस न्हाय व्हय? गोठं कुठं गेलं? मला तर हसूच आलं बगा. समदी रडत होती, मी रडलो न्हाय, खरं…"

तो पुढेही बोलत होता. खूप वेळ. पण सांगते प्रामाणिकपणे, मी ऐकत नव्हते, बघत होते.

ऑफिसात बसून मी तो तुकडा कापला. चाळीस सेकंदांची मर्यादा होती आणि 'मी रडलो न्हाय, खरं' इथे वाक्य छान संपत होतं. पुढचं मी लावूनही पाहिलं नाही.

तीन दिवसांत अकरा लाख लोकांनी ते पाहिलं. कुणी त्याला म्हशीचं हंबरणं जोडलं, कुणी पोस्टरवर हिरॉईनच्या जागी म्हैस बसवली. आमचे संपादक नृसिंह सर, जे मला सहा महिने 'अगं तू' म्हणायचे, ते 'अवंतिका मॅडम' म्हणू लागले. पुण्याच्या मुख्य ऑफिसातून फोन आला. दिवाळीनंतर तिकडे या, मोठा कार्यक्रम देतो. या धंद्यात आल्यापासून, तीन वर्षं, मी अशा फोनची वाट बघत होते. मी आत्याला घट्ट मिठी मारली.

पिक्चर तिसऱ्या आठवड्यात गेला, तेव्हा मी पुन्हा टॉकीजवर होते. तो समोरून येताना दिसला आणि मी उगाचच केस सावरले. वाटेत कुणीतरी त्याला अडवलं. "ओ म्हशीवालं पावणं! एक सेल्फी!" त्यानं सेल्फी दिला. न हसता. मग तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मॅडम, माझं पुढचं कुठाय?"

"पुढचं… म्हणजे?"

"मी 'खरं' म्हणलो आन् तुमी कापलासा."

"वाक्य संपलं होतं ना? 'रडलो नाही, खरं.' म्हणजे खरोखर."

त्यानं कपाळावर हात मारला. "अवो, आमच्यात 'खरं' म्हंजे 'पण'! मी रडलो न्हाय, *पण*… आन् तिथंच तुमी कातर घातलीसा!"

आत्या दिवसातून दहा वेळा म्हणते, 'भाजी आणली, खरं मीठ संपलंय.' लहानपणी मीही म्हणत असणार. नाशिकच्या शाळेत पोरं हसली असतील आणि मी तो शब्द टाकून दिला असेल. कसा आणि कधी, तेही आठवत नाही.

"लोकांचं जाऊ द्या," तो हळू आवाजात म्हणाला, "फौंड्रीतबी हसत्यात, हसू देत. खरं माझ्या मामानं बगितलंय ते. तेला वाटलं मी तेच्या म्हशींवर हसलो. सतरा दिवस झालं, माझ्याशी बोलत न्हाय. बापाच्या माघारी त्यानंच वाढवलंय मला."

एवढं बोलून तो निघून गेला. रागावला असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी मूळ चित्रण काढलं आणि पुढचं ऐकलं.

"…खरं मामाची आठवण आली. एकोणीसच्या पुरात बोट आली तवा आमचा आकाराममामा आधी गोठ्यात शिरला. छातीएवढं पाणी. सहा दावी कापली. म्हणला, तेंचं तेंला पवता येतंय, बांधून मारायचं न्हाय. चार माघारी आल्या, चौथ्या दिवशी. दोन न्हाय आल्या. मामा अजून रोज सकाळी सहा जागी वैरण टाकतोय. हिरो मेला, ते बरोबर हाय. खरं मेल्यावर काय करायला लागत न्हाय. रोज सकाळी उठून करायचं ते अवघड हाय बगा."

मागे रिक्षाचा हॉर्न होता, पाऊस होता, आणि माझा आवाज होता. "थँक यू हं, छान बोललात!" इतका गोड, इतका पोकळ आवाज. मला माझी लाज वाटली. एका माणसानं काळीज काढून माझ्या हातावर ठेवलं आणि मी त्याच्या पापण्या बघत होते.

मत घेताना त्याचा नंबर लिहून घेतला होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला. "पूर्ण क्लिप टाकते. माफी मागून."

"नगं."

"का? सगळ्यांना कळेल की."

"मामाचं दुःख हाय ते. पब्लिकला दावायचं न्हाय. मी त्या दिवशी उगंच बोललो… तुमी इचारलं म्हणून."

*तुम्ही विचारलं म्हणून.* ते तीन शब्द मी दिवसभर मनात घोळवले. संध्याकाळी ऑफिसच्या पानावर गेले आणि अकरा लाखांची ती क्लिप काढून टाकली. नृसिंह सर पुन्हा 'अगं तू'वर आले. त्यानंतर त्यांनी बरंच काही ऐकवलं. आठवड्याभरात पुण्याचा फोनही आला. तो कार्यक्रम आता दुसऱ्या कुणाला देत आहेत, असं त्या बाई फार सभ्यपणे म्हणाल्या. आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "वेडी आहेस." आणि मला आवडतात म्हणून तिनं रात्रीच्या जेवणाला थालीपिठं लावली.

ऋतुराजला मी काही सांगितलं नाही. पण क्लिप गेल्याचं त्याच्या लक्षात आलं. फौंड्री सुटल्यावर त्यानं फोनवर पत्ता विचारला आणि राजारामपुरीत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला.

"काढलीसा?"

"हो."

"ओरडलं असतील."

"थोडेसे."

"चहा घेणार?"

"ओरडा खाल्ल्याबद्दल?"

"न्हाय. मला प्यायचाय म्हणून," तो म्हणाला, आणि लांब पापण्या खाली गेल्या.

मग चहा रोजचा झाला. तो मला शब्द शिकवायचा आणि मी मुद्दाम चुकवायचे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते नेमकं आठवतं मला. गाड्यावर भडंग खाताना माझ्या गालाला कांदा लागला होता, आणि तो म्हणाला, "गालाला काय लावून घेतलीस?" म्हणाला आणि स्वतःच दचकला. मी कांदा तसाच ठेवला. खूप वेळ. तो पुसायला हात पुढे करेल असं वाटलं होतं… केला नाही. शेवटी मीच पुसला आणि त्याच्यावर उगाच चिडले.

पण त्याच्या हसण्यात एक रिकामी जागा होती. मामा अजून बोलत नव्हता. दसरा गेला. ऋतुराज दर रविवारी मामाच्या गावी जायचा, पंचगंगेपलीकडे. दारात उभा राहायचा, मामीच्या हातचा चहा प्यायचा आणि परत यायचा.

"मला घेऊन चल," मी एक दिवस म्हणाले. "चूक माझी आहे."

"मामा लई तिखट हाय."

"मीही नाशिकची आहे."

"नाशिकचा चिवडा तिखट असतोय. माणसं न्हाय."

दिवाळीच्या पाडव्याला गेलो. कोल्हापूरकडचा म्हशींचा सण. वाटेवर शिंगं रंगवलेल्या, मोरपिसं खोवलेल्या, गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेल्या म्हशी मालकाच्या मोटरसायकलमागे धावत होत्या. सायलेन्सर काढलेल्या गाड्यांचा तो कल्ला, हलगी, गुलाल. एक मालक नुसतं नाव घेऊन हाक मारायचा आणि एवढं मोठं जनावर कान टवकारून गर्दीतून त्याच्याकडेच यायचं. मी बघतच राहिले. धरणाच्या पिक्चरमध्ये म्हैस नाही म्हणून कुणी का चिडावं, ते मला तिथे कळलं.

आकाराममामा मिरवणुकीत नव्हते. पुरापासून ते जातच नाहीत, मामी म्हणाल्या. गोठ्यात चार म्हशी होत्या, धुतलेल्या, शिंगांना लाल हिंगूळ लावलेल्या. पलीकडे दोन खुंटे मोकळे. त्यांच्यासमोरही हिरवी वैरण पडली होती.

ऋतुराज फाटकापाशीच थांबला. मी आत गेले, वाकून नमस्कार केला आणि सरळ सांगितलं. "मामा, ऋतुराज तुमच्यावर हसला नाही. त्याचं बोलणं मी अर्ध्यावर कापलं. मला 'खरं' कळलं नाही. सगळं या फोनमध्ये आहे, एकदा बघा. कुणालाही दाखवलेलं नाही."

मामांनी फोन लांब धरून पाहिलं. एकदा. मग मला परत लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा 'छातीएवढं पाणी' आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. फोन मला परत दिला, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि बराच वेळ एका म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मला वाटलं, संपलं. आणखी दुखावलं मी यांना.

"ऋत्या!" ते एकदम ओरडले. चारी म्हशी वळून बघायला लागल्या. "आत ये की! फाटकाला काय हुबा ऱ्हायलाईस?"

तो आला. मामांनी त्याच्या पाठीत एक जोरात धपाटा घातला आणि हात तिथेच ठेवला, काढलाच नाही. ऋतुराजचा चेहरा… मी दुसरीकडे बघितलं. तिथे मामी पदरानं डोळे पुसत होत्या.

"एवढं बोलता येतंय व्हय ह्याला?" मामा मला म्हणाले. "घरात तर तोंड उघडत न्हाय. तू इचारलंस म्हणून बोलला बग."

जेवून निघालो तेव्हा ऊन कलत आलं होतं. गाडीवर मागे बसले. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना ऊस लागला, आणि मला राहवेना.

"ऋतुराज, मला तू आवडतोस. फार. पुण्याची नोकरी गेली त्याचं मला काही वाटत नाही, आणि वाटत नाही याचीच भीती वाटते."

गाडी हेलपाटली. त्यानं ती बाजूला घेतली, थांबवली, पण मागे वळून बघितलं नाही. "पुण्याची नोकरी? कसली?"

मी सांगितलं. उसात वारा सळसळत होता.

"मला बी बोलायचं हाय," तो शेवटी म्हणाला. "लई दिवसांचं साठलंय. खरं मधी थांबवू नको."

"नाही थांबवणार."

त्यानं गाडी चालू केली आणि बोलायला लागला. इतकी सावकाश चालवली की उसाची बैलगाडी आम्हाला मागे टाकून गेली. त्याच्या खांद्याशी कान नेऊन मी एकेक शब्द ऐकला. या वेळी नुसतं ऐकलं. दिसत होती ती फक्त त्याची मान, उन्हानं रापलेली, आणि बोलता बोलता लाल झालेली.

तो काय बोलला, ते मी इथे लिहिणार नाही. लोकांची मतं गोळा करून जगासमोर मांडणं हा माझा धंदा आहे, दोन वर्षांनंतर आजही तोच करते. पण ते सहा किलोमीटर पब्लिकचे नाहीत. एवढं मात्र सांगते, तो एकदाही अडखळला नाही. आणि पंचगंगेवरचा शिवाजी पूल आला तेव्हा मी हो म्हणून मोकळी झाले होते.