पट्टीवरचं धुकं

सासूबाई दिवसभर बाहेर होत्या, छोट्या टिटवीला सांभाळायला घरी कुणी नव्हतं, म्हणून आई तिला कामावर घेऊन गेली. तिथे रॉकेटची छोटी इंजिनं हवा काढून घेतलेल्या टाकीत पेटवून बघत. अशा जागी इंजिनाचा झोत भसकन पसरतो, पसरता पसरता गार पडतो आणि त्यातल्या वाफेचे बर्फाचे कण होतात. ते किती चिकटतात हे बघायला झोताच्या कडेला स्टीलची गारठवलेली पट्टी लावत. लावण्याआधी पट्टीवर तोंडाने वाफ सोडायची. धुकं सगळीकडे सारखं बसलं की पट्टी स्वच्छ. मग ते धुकं स्पिरिटने एकदा पुसायचं.

"मी! मी करणार!" म्हणत टिटवीने पट्टीवर हाऽऽ केलं.

"घ्या, नवी भरती!" चाचण्या घेणारे सर म्हणाले. हसण्याच्या नादात पुसायचं राहून गेलं.

चाचणीनंतर पट्टीवर पांढरा थर होता. मधोमध मात्र एक गोल कोरडा. लहान मुलाच्या तोंडाएवढा.

संध्याकाळी टिटवी खिडकीच्या काचेवर हाऽऽ करत होती. "आई, धुकं येतच नाहीये."

"काच तापली असेल गं," सासूबाई म्हणाल्या. बाहेर कडाक्याची थंडी होती.

पुढच्या चाचणीला नवी पट्टी आईने स्वतः पुसली, पुन्हा पुसली. गोल होताच. आणि त्याच्या आत, नखाएवढा, एक पांढरा ठिपका.

"सर, चाचण्या थांबवा. टिटवीच्या श्वासाचं धुकंच येत नाहीये."

"कारण काय देऊ? पोरगी खाते-पिते ना? डॉक्टर ठणठणीत म्हणाले ना?"

"हो, पण..."

"मग! तू रजा घे बघू."

तिने रजा घेतली. एक फडकं फिरवायला कितीसा वेळ लागला असता, एवढंच मन खात राहिलं.

दुपारी टिटवी मांडीवर झोपलेली असताना फोन आला.

"तुझा गोल गेला बघ. पट्टी सगळी पांढरी." तिचा जीव भांड्यात पडला. सरांचा आवाज मात्र उतरला. "पण सकाळपासून टेबलावर उन्हात आहे. तरी तिच्यावर धुकं जातं, परत येतं. कुणी झोपेत श्वास घेतल्यासारखं."

तिने लेकीच्या नाकाशी तळहात धरला. छाती वरखाली होत होती.

हाताला काहीच लागलं नाही.

टिटवीची छाती खाली बसली. "सर, आत्ता?"

"आलं."

छाती वर आली.

"गेलं."

"पुसू नका," ती कशीबशी म्हणाली. "कुणालाच हात लावू देऊ नका."

पलीकडे कुणीतरी स्पिरिटच्या बाटलीचं झाकण उघडत होतं.