न फुटलेला कोहळा

नरसिंहराव तुंगाबाईंच्या दारात आले ते कपाळावर आठ्या घेऊनच. बंगळुरूच्या बसवनगुडीत त्यांची आरोग्यसेवेची संस्था होती आणि घरात सत्काराच्या शालींनी भरलेलं कपाट. आनेकलच्या दगडखाणीतल्या मजुरांना शहरवाल्यांसारखी तपासणी मिळावी म्हणून सरकारने संस्थेला अनुदान दिलं. त्यातून फिरत्या दवाखान्याची व्हॅन आली, छातीचा फोटो काढणारं छोटं एक्स-रे मशीन आलं. आज सकाळी शिबिराला निघताना पाहिलं, तर मशीनची पेटी रिकामी होती.

"ड्रायव्हर मल्लाप्पाने विकलं. संध्याकाळी पोलीस येताहेत," राव म्हणाले. "कुठे विकलं तेवढं तुम्ही शोधा."

"चोर तुम्हीच ठरवलात. आता मी फक्त हमाली करायची?"

मशीन मिळालं नाही तर अनुदान बंद होईल, हे राव खालच्या आवाजात बोलले. तुंगाबाई उठल्या. बसवनगुडीतल्या भल्या माणसांची लफडी उकरण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे भल्या माणसांबद्दल त्यांचं मत काही चांगलं नव्हतं. सोबत वेदांत निघाला. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, नागपूरचा, आयटीतला, तुंगाबाईंना अक्का म्हणणारा. हुशार आहे म्हणे. कशात, ते अक्कांना अजून कळायचं होतं.

संस्थेच्या आवारात व्हॅन पाठ भिंतीला आणि तोंड फाटकाकडे करून उभी होती. परवा खंडेनवमीला झालेल्या आयुधपूजेचा झेंडूचा हार टपावर सुकला होता. पायरीवर एक भला मोठा कोहळा, कुंकू लावून तसाच ठेवलेला. त्याच्याशेजारी मल्लाप्पा बसला होता.

तुंगाबाईंनी त्याला कन्नडमध्ये विचारलं. पूजा केली, पण कोहळा साहेबांच्या हातून फोडायचा, मगच गाडी हलवायची, अशी इथली रीत. साहेब आलेच नाहीत, म्हणून गाडी हलली नाही, एवढंच तो सांगत राहिला. मग हळूच म्हणाला, त्याचा भाऊ त्याच खाणीत दगड फोडतो आणि खोकून खोकून अर्धा झालाय. आजच्या शिबिरात पहिला फोटो त्याचाच निघायचा होता.

"साहेब का नाही आले?" अक्कांनी रावांना विचारलं.

परवा सत्कार होता, राव म्हणाले, आणि रात्रीपर्यंत ते व्यासपीठावरच होते. शंभर माणसं साक्षीला. एवढ्यांसमोर शाल घेणारा माणूस चोरीला मोकळा नसतो.

राहिला अद्वैत, संस्थेचा व्यवस्थापक. तो वर ऑफिसात भेटला. पुण्याहून आलेला. व्हॅनची दुसरी किल्ली त्याच्याकडे. अंगात कडक नवा टी-शर्ट, छातीवर 'गोल्डन मेडो व्हिलाज, देवनहळ्ळी: दसरा वेलनेस डे'.

"टी-शर्ट भारी आहे," वेदांत म्हणाला. अक्कांनी मान हलवली. बाहेर चोरी झालीय आणि याला कापड दिसतंय.

अद्वैत इंग्रजी मिसळत भरभर बोलला. पूजेला तो थांबला नव्हता, असल्या खुळचटपणाला त्याच्याकडे वेळ नसतो. वर ऑफिसात होता. परवा अंधार पडताना मल्लाप्पाने व्हॅन फाटकाबाहेर काढली आणि तासाभराने परत आणून लावली. "खिडकीतून मी स्वतः पाहिलं. काल सुट्टी, मी दिवसभर घरी झोपून होतो. म्हणून आज कळलं."

तुंगाबाई खाली गेल्या आणि गुडघा धरून चाकांपाशी वाकल्या. चारही चाकांपुढे लिंबं होती, हळदकुंकू लावलेली, साल सुकून आक्रसलेली. अक्कांचं काहीतरी पडलं असावं म्हणून वेदांतही शोधू लागला. अक्कांनी कोपऱ्यात जाऊन एक फोन केला आणि सगळ्यांना व्हॅनपाशी बोलावलं.

"राव, वाका जरा. सत्काराला वाकता तेवढंच."

राव वाकले.

"पूजेत चाकाखाली लिंबं ठेवतात आणि गाडी त्यांच्यावरून नेतात. मागे भिंत आहे, निघायचं तर पुढूनच. मग लिंबं चिरडायला हवीत. ही अख्खी कशी?"

"उचलून परत ठेवली असतील," अद्वैत म्हणाला.

"मल्लाप्पाने एवढी चलाखी केली असती, तर सकाळपासून लिंबांकडे बोट दाखवून ओरडला असता. त्याने नावसुद्धा काढलं नाही. गाडी हलली नाही, तरी तू ती जाताना पाहिलीस. आणि पूजेला थांबायची तुला लाज वाटली, म्हणून लिंबं आहेत हेच तुला ठाऊक नव्हतं."

अद्वैतने रावांकडे पाहिलं. राव कोहळ्याकडे पाहत होते.

"आता तो भारी टी-शर्ट. काल दिवसभर घरी झोपलास ना? मग कालच्या वेलनेस डेचा टी-शर्ट अंगावर कसा? मी आत्ता त्या व्हिलावाल्यांना फोन केला. मशीन त्यांच्या क्लबहाऊसमध्येच आहे, न्यायला कधी येताय म्हणून विचारत होते. साधी शिंक आली तरी मोठ्या हॉस्पिटलात धावणाऱ्यांची फुप्फुसं बघायला तू खाणमजुरांचं मशीन भाड्याने दिलंस. शिबिराआधी ते परत आणायला जमलं नाही, तेव्हा तुला मल्लाप्पा आठवला. शी!"

वेदांतने घाईने स्वतःच्या टी-शर्टवर काय लिहिलंय ते पाहून घेतलं.

राव खाकरले. "मशीन मिळतंय ना, मग वाढवायला नको. शिकलेला मुलगा आहे, करिअर आहे. याला समज देऊन सोडू."

"ड्रायव्हरला पोलीस आणि याला समज?" तुंगाबाई म्हणाल्या. "राव, असला भेद मिटवायलाच सरकारने तुम्हाला पैसे दिले होते. पोलीस तुम्हीच बोलावलेत, आता त्यांना रिकाम्या हाताने का पाठवायचं?"

मग त्या मल्लाप्पाकडे वळल्या आणि मशीन घेऊन ये म्हणाल्या. तो उठला, किल्ली घेतली आणि सवयीने साहेबांकडे पाहत उभा राहिला.

"त्यांची वाट नको बघूस," अक्का कन्नडमध्ये म्हणाल्या. "तूच फोड."

मल्लाप्पाने कोहळा डोक्यावर उचलला आणि फाटकासमोर आपटला. मग गाडी चालू केली आणि चारही लिंबांवरून नेली.